होकुलेआ : उलटलेल्या होडीची शाळा कशी झाली

१६ मार्च १९७८च्या संध्याकाळी ‘होकुलेआ’ ही जोडहोडी, म्हणजे दोन होडकी जोडून केलेली शिडाची होडी, हवाईतल्या होनोलुलूहून दक्षिण पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाला निघाली. वारा जोराचा होता, लाटा उंच होत्या, होडीत महिनाभराचं सामान ठासून भरलं होतं आणि सोबतीला एकही जहाज नव्हतं. मध्यरात्रीच्या सुमारास मोलोकाई बेटाजवळच्या समुद्रात तिच्या एका होडक्यात पाणी भरलं आणि ती उलटली. खलाशी रात्रभर पालथ्या होडीला धरून होते. सकाळी त्यांच्यातला एडी आयकाऊ सर्फबोर्डवर पालथा पडून हातांनी पाणी कापत लानाई बेटाच्या दिशेने मदत आणायला गेला. एडी वाइमेआच्या किनाऱ्यावरचा जीवरक्षक होता. बुडणाऱ्या कितीतरी लोकांना त्याने बाहेर काढलं होतं. त्याच रात्री उरलेल्या सगळ्यांची सुटका झाली. एडी परत आला नाही. तो ३१ वर्षांचा होता.

पॉलिनेशियन नौकानयनाच्या, म्हणजे यंत्रांशिवाय तारे आणि लाटा पाहून समुद्र ओलांडण्याच्या विद्येच्या, पुनरुज्जीवनाची गोष्ट साधारणपणे १९७६च्या पहिल्या यशस्वी सफरीपासून सांगितली जाते. ती सफर मोठी होतीच. पण ही विद्या हवाईत टिकली कशी, हा प्रश्न असेल, तर माझ्या मते १९७८चा अपघात आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं जास्त बारकाईने पाहायला हवीत. एका यशाने परंपरा जिवंत होत नाही. ती शिकवण्याची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते, आणि हवाईत ती जबाबदारी एका मृत्यूनंतर घेतली गेली.

आधी काय होतं

हवाईची राणी लिलिउओकलानी हिला १८९३मध्ये पदच्युत करण्यात आलं. १८९६च्या कायद्याने शाळांमधून हवाईयन भाषेचं माध्यम संपलं. पुढच्या दोन-तीन पिढ्या आपल्याच बेटांवर, आपल्याच आजोबांची भाषा न बोलता वाढल्या. लांब पल्ल्याच्या सागरी होड्या तर त्याच्याही शेकडो वर्षं आधी नाहीशा झाल्या होत्या. त्यांच्याबद्दल उरलं होतं ते मौखिक कथांमध्ये, मंत्रांमध्ये आणि खडकांवर कोरलेल्या काही चित्रांमध्ये.

त्यात बाहेरच्या अभ्यासकांची मतं होती. थोर हेयरडालने १९४७मध्ये पेरूहून बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पॉलिनेशिया गाठून असं मांडलं की, ही बेटं दक्षिण अमेरिकेतून वारा-प्रवाहाबरोबर आलेल्या लोकांनी वसवली असावीत. न्यूझीलंडच्या अँड्र्यू शार्पने १९५६मध्ये म्हटलं की, इतक्या दूरची बेटं ठरवून शोधणं आणि परतणं यंत्रांशिवाय शक्य नव्हतं. लोक वाट चुकून तिथे पोहोचले असणार. शाळेत हवाईयन मुलांच्या कानावर हेच पडत होतं. तुमचे पूर्वज इथे भरकटत आले, असं एखाद्या समाजाला सांगत राहणं हा मला साधा विद्वत्तेचा मतभेद वाटत नाही. त्या वाक्याचं ओझं त्या मुलांना वाहावं लागत होतं.

मानववंशशास्त्रज्ञ बेन फिनी, चित्रकार हर्ब कावाइनुई काने आणि समुद्रावर वाढलेला टॉमी होम्स या तिघांनी १९७३मध्ये पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी स्थापन केली. काने यांनी जुन्या चित्रांवरून आणि नोंदींवरून होडीचा आराखडा काढला. ८ मार्च १९७५ला ओआहू बेटावर, कुआलोआच्या किनाऱ्यावर होकुलेआ पाण्यात उतरली. ६२ फूट लांब, दोन होडकी आडव्या तुळयांनी जोडलेली, वर फळ्यांची गच्ची, खेकड्याच्या नांग्यांसारख्या आकाराची दोन शिडं. होडकी प्लायवूड आणि फायबरग्लासची होती, पण जोडणीत खिळे नव्हते. सगळं दोरांनी बांधलेलं. एकूण दोर सुमारे पाच मैलांचा. ‘होकुलेआ’ म्हणजे आपला स्वाती तारा, हवाई बेटाच्या नेमका माथ्यावरून जाणारा.

होडी तर झाली. तिला यंत्रांशिवाय ताहितीला नेणारा माणूस हवाईत कुणीच नव्हता.

सातावालचा माणूस

तो मिळाला मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावर. दीड चौरस किलोमीटरही नसलेलं बेट. तिथे माणसाला जगायचं तर समुद्रावर जावंच लागतं. माउ पियाइलुग यांचा जन्म १९३२चा. लहानपणीच आजोबांनी त्यांना या विद्येसाठी निवडलं. पाण्याची हालचाल अंगात मुरावी म्हणून तान्ह्या वयात त्यांना किनाऱ्यावरच्या डबक्यांमध्ये ठेवलं जाई. विशीच्या आतच त्यांना ‘प्वो’ ही दीक्षा मिळाली, म्हणजे दिशादर्शक म्हणून मान्यता. पण सातावालची पुढची पिढी शाळेत, पगारी नोकरीकडे, मोटरबोटींकडे चालली होती. आपल्यानंतर हे कुणाकडे जाणार, ही माउंची काळजी होती.

मायक्रोनेशिया आणि पॉलिनेशिया हे वेगवेगळे प्रदेश आहेत, त्यांच्या भाषाही वेगळ्या. सातावालच्या रिवाजानुसार ही विद्या घराण्यातच राहावी. बाहेरच्यांना ती दिल्याबद्दल माउंना पुढे आपल्याच लोकांचा रोष पत्करावा लागला. तरीही ते आले. १ मे १९७६ला होकुलेआ माउई बेटावरून निघाली. होकायंत्र नाही, नकाशा नाही, घड्याळ नाही. सुमारे चार हजार किलोमीटरचं पाणी ओलांडून ४ जूनला ती ताहितीच्या पापेएते बंदरात शिरली, तेव्हा किनाऱ्यावर १७ हजारांच्या आसपास लोक होते. मुलांनी होडीवर इतकी गर्दी केली की तिचा मागचा भाग पाण्याखाली गेला.

आतून मात्र सगळं ठीक नव्हतं. होडी कशासाठी, यावर सुरुवातीपासून दोन मतं होती. फिनी यांच्यासाठी हा एक प्रयोग होता : शार्प चुकला हे सिद्ध करायचं, त्यासाठी अटी काटेकोर पाळायच्या. काने आणि हवाईयन खलाशांसाठी ती त्यांच्या समाजाची होडी होती; ती आधी बेटाबेटावर जावी, लोकांनी तिला हात लावावा. सफरीत हा तणाव भांडणांपर्यंत गेला. माउ ताहितीतूनच घरी परतले, आणि होडी हवाईला परत आली ती यंत्रांच्या मदतीने. प्रयोग यशस्वी झाला होता. विद्या मात्र माउंबरोबर सातावालला परत गेली होती.

मला या प्रकरणातली ही सर्वात महत्त्वाची जागा वाटते. अभिमान परत आला होता, वर्तमानपत्रांत नाव झालं होतं, आणि हवाईत एकही माणूस असा नव्हता जो ही होडी उद्या पुन्हा नेऊ शकेल. जगभरच्या अनेक लोककला याच टप्प्यावर थांबतात.

अपघातानंतरचा निर्णय

१९७८च्या त्या होडीवर नाइनोआ थॉम्पसन नावाचा पंचविशीचा तरुण होता. १९७६च्या परतीच्या प्रवासात तो खलाशी होता. नंतर त्याने स्वतःच्या हिमतीवर तारे शिकायला घेतले. होनोलुलूच्या बिशप म्युझियमच्या तारांगणात विल काइसेल्का यांच्याबरोबर तो तासन्‌तास आकाश फिरवून पाही : ताहितीकडे सरकताना कोणता तारा किती उंच येतो, कोणता बुडतो. पुस्तकाने आणि तारांगणाने जे देता येतं ते त्याच्याकडे होतं. समुद्रावरचा गुरू नव्हता.

एडी गेल्यावर होडी कायमची किनाऱ्याला लावावी, असं म्हणणारे बरेच होते. तसं झालं असतं तर कुणालाही दोष देता आला नसता. या वेळी नाइनोआचे वडील मायरन थॉम्पसन यांनी सूत्रं हातात घेतली. लोक त्यांना ‘पिंकी’ म्हणत. ते समाजकार्यकर्ते होते, हवाईयन मुलांसाठी आयुष्यभर काम केलेले. नौकानयन हा त्यांचा प्रांतच नव्हता. त्यांनी चर्चा वेगळ्या मुद्द्यावर आणली : आपण कुठे जायचं ठरवलंय, कशासाठी, आणि तिथवर पोहोचण्यासाठी कोणती तयारी लागेल. घाईने निघायचं नाही. सराव पूर्ण झाल्याशिवाय होडी सोडायची नाही. सोबतीला जहाज असेलच. सुरक्षिततेचे नियम सर्वांना सारखे. एडीची आठवण त्यांनी शौर्यकथेत ठेवली नाही. ती तयारीच्या शिस्तीत उतरवली. या साऱ्या प्रकरणातला सर्वात मोठा शिक्षक मला ते वाटतात, जरी त्यांनी कुणाला एक तारा दाखवला नसला तरी.

नाइनोआ माउंकडे गेला आणि परत येण्याची विनंती केली. माउ आले. या मुलांना नीट शिकवलं नाही तर ती समुद्रात मरतील, ही त्यांची चिंता होती. पुढचे अनेक महिने ते त्याला ओआहूच्या किनाऱ्यावर नेऊन बसवत, समुद्र पाहायला लावत, बोटीवर नेत. सातावालला वर्तुळात खडे मांडून ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याच्या जागा शिकवतात, तसंच.

इथे एक अडचण होती आणि तिचं उत्तर मला विलक्षण वाटतं. माउंनी ही विद्या दुडदुडत्या वयापासून अंगाने शिकली होती. विशी ओलांडलेल्या शहरी माणसाला ती तशी येणं शक्यच नव्हतं. म्हणून नाइनोआने ती स्वतःला पचेल अशा रीतीने पुन्हा मांडली. क्षितिजाचे ३२ भाग केले, प्रत्येक सव्वाअकरा अंशांचा, त्यांना हवाईयन नावं दिली. एका घरात पूर्वेला उगवणारा तारा पश्चिमेला त्याच नावाच्या घरात मावळतो. म्हणून मोजकी नावं पाठ झाली की सगळं आकाश बसतं. अक्षांशासाठी माथ्यावरचे तारे : स्वाती माथ्यावर आला की हवाई जवळ, व्याध माथ्यावर आला की ताहितीची रेषा जवळ. उत्तरेकडे परतताना त्रिशंकू उभा असतो, तेव्हा त्याच्या वरच्या आणि खालच्या ताऱ्यातलं अंतर आणि खालच्या ताऱ्याचं क्षितिजापासूनचं अंतर सारखं झालं की समजायचं, होनोलुलूचा अक्षांश आला. हे सगळं जुन्या हवाईयनांकडून जसंच्या तसं आलेलं नाही. सातावालची शिकवण, तारांगणातला अभ्यास, हवाईयन शब्द आणि थोडं गणित यांतून १९७०च्या दशकाच्या शेवटी ते घडलं. काही जण याला परंपरेतली भेसळ म्हणतात. मला तसं वाटत नाही. तुटलेला धागा जोडताना गाठ दिसणारच, आणि नाइनोआ थॉम्पसन यांनी ती कधी लपवली नाही.

दिवसा सूर्य फक्त उगवताना आणि मावळताना दिशा देतो. मधल्या वेळी लाटा. दूरच्या वादळांनी उठवलेल्या लांब लाटा दिवसेंदिवस एकाच दिशेने येत राहतात. होडी त्यांच्यावर कशी डुलते यावरून मार्ग कळतो, अगदी ढगाळ रात्री गच्चीवर आडवं पडूनही. बेट जवळ आलं की पक्षी. पांढऱ्या कुररी रात्री जमिनीवर परततात, म्हणून संध्याकाळी त्या ज्या दिशेने जातात तिकडे बेट. १९८०च्या सफरीत दिशादर्शक नाइनोआ होता; माउ होडीवर होते, पण मुकाट बसून. ताहितीजवळ सकाळी एक पक्षी दिसला. नियमानुसार सकाळचा पक्षी बेटापासून समुद्राकडे जातो, म्हणून नाइनोआने होडी पक्ष्याच्या उलट दिशेला वळवली. तेव्हा माउंनी त्या संपूर्ण प्रवासात पहिल्यांदाच हस्तक्षेप केला आणि पक्ष्याच्या मागे जायला सांगितलं. पक्ष्याच्या चोचीत मासा होता. पिलांचा हंगाम होता. तो घरी चालला होता. नियम पाठ करून हे येत नाही. कुणीतरी शेजारी बसलेलं असावं लागतं.

त्या वर्षी होकुलेआ यंत्रांविना ताहितीला गेली आणि परत आली. शेकडो वर्षांनंतर एका हवाईयन माणसाने ती नेली होती.

होडीभोवती समाज

यानंतरच्या सफरींचा नुसता पाढा वाचला तरी पान भरेल. १९८५ ते ८७मध्ये होकुलेआ न्यूझीलंड, टोंगा, सामोआपर्यंत गेली. वाइतांगी इथे माओरी नेते सर जेम्स हेनारे यांनी हवाईयन मंडळींना आपल्या प्रदेशातल्या पाच जमातींच्या पंक्तीत सहावी म्हणून बसवलं. १९९२मध्ये होडी परतीच्या वाटेवर असताना हवाईचेच अंतराळवीर लेसी वीच कोलंबिया यानात होते, आणि वर्गांत बसलेल्या शाळकरी मुलांशी होडी आणि यान या दोन्हींवरून संवाद झाला. १९९९मध्ये ती रापा नुईला, म्हणजे ईस्टर बेटाला पोहोचली. २०१४ ते १७ पृथ्वीप्रदक्षिणा झाली, दोनशेहून अधिक खलाशांनी टप्प्याटप्प्याने केलेली. १७ जून २०१७ला ती होनोलुलूत परतली आणि त्यानंतर हवाईच्या बेटांवरच्या गावांना आणि शाळांना भेटी देत फिरली. सफरीत मिळालेलं परतल्यावर शाळेत न्यायचं, हा क्रम मला फार आवडतो.

पण लोकशिक्षणाच्या दृष्टीने मला एका न झालेल्या गोष्टीवर थांबायचं आहे. १९९०च्या सुमारास ठरलं की, आता एक होडी पूर्णपणे स्थानिक साहित्याने करायची. होडक्यांसाठी कोआ या हवाईच्या वृक्षाचे दोन अखंड ओंडके हवे होते. नऊ महिने जंगलं धुंडाळली. इतके मोठे, निरोगी कोआ उरलेच नव्हते. गुरांची चराई, लाकूडतोड आणि बाहेरून आलेली झाडं-जनावरं यांनी डोंगर उजाड केले होते. शेवटी आग्नेय अलास्कातल्या आदिवासींच्या सीअलास्का या संस्थेने सिटका स्प्रूसची सुमारे चारशे वर्षांची दोन झाडं देऊ केली. नाइनोआ ती पाहायला गेला, आणि झाड तोडायला सांगणं त्याला जमेना. आपल्या जंगलाचं जे केलं त्याची भरपाई न करता दुसऱ्याच्या जंगलातून झाड आणायचं? तो तसाच परतला. मग मोठ्या बेटावर, म्हणजे हवाई नावाच्याच बेटावर, किलाउएआ ज्वालामुखीच्या परिसरात स्वयंसेवकांनी आणि शाळेच्या मुलांनी कोआची हजारो रोपं लावली. ती झाडं होडीजोगी व्हायला किती पिढ्या लागतील हे लावणाऱ्यांना ठाऊक होतं. त्यानंतरच अलास्काची झाडं स्वीकारली गेली. ‘हवाईलोआ’ १९९३मध्ये पाण्यात उतरली आणि १९९५मध्ये आभार मानायला अलास्काच्या किनाऱ्यावरच्या गावांना गेली.

होडीच्या निमित्ताने जंगलाचा धडा असा समोर आला की टाळता येईना. त्यानंतर होडीबरोबर जंगल, प्रवाळ, मासे, पाणी हे विषय अभ्यासात आले ते घोषणा म्हणून आले नाहीत. लाकूड नव्हतं म्हणून आले.

दुसरी शाळा गोदीतली. दर काही वर्षांनी होडी पाण्याबाहेर काढून सुटी केली जाते. जुने दोर कापून टाकतात, लाकूड घासतात, तुळया तपासतात, मग सगळं पुन्हा बांधतात. होनोलुलूच्या सँड आयलंडवरच्या नौकाप्रशिक्षण केंद्रात हे काम चालतं आणि ते करणारे बहुतेक स्वयंसेवक असतात : सुतार, शिक्षक, निवृत्त माणसं, कॉलेजची मुलं. दोर किती ताणायचा, गाठ कुठे बसवायची हे जुना माणूस नव्याच्या हाताला हात लावून दाखवतो. यातल्या फारच थोड्यांना कधी लांबच्या सफरीवर जागा मिळते. पण होडीच्या प्रत्येक गाठीत कुणाचा तरी हात असतो, आणि ती बंदरातून निघते तेव्हा किनाऱ्यावर उभी असलेली माणसं बघे नसतात.

एका होडीवर बारा-पंधरा जण मावतात, हीच या शिक्षणाची खरी मर्यादा आहे. शाळेच्या मैदानावर दगड मांडून ३२ घरांचं होकायंत्र हजारो मुलं करू शकतात. तीस दिवस भिजून, जागून, ढगाळ रात्री लाट ओळखायला शिकणं मोजक्यांनाच मिळतं. दोन्हींना एकच नाव दिलं तर आपण स्वतःची फसवणूक करतो. हवाईने यावर शोधलेला मार्ग होड्या वाढवण्याचा आहे. मोठ्या बेटावर १९९५पासून ‘माकालिई’, माउईवर ‘मोओकिहा ओ पिइलानी’, काउआईवर ‘नामाहोए’. प्रत्येक बेटाची आपली होडी, आपले लोक, आपली वर्षानुवर्षं चाललेली उभारणी. कानेओहेच्या उपसागरात ‘कानेहूनामोकू’ ही २९ फुटांची छोटी जोडहोडी आहे, मुलांना शिकवण्यासाठीच. ती समुद्र ओलांडत नाही. पण तिच्यावर सातवी-आठवीतली मुलं शीड चढवतात, वारा चुकला की त्यांची होडी थांबते, आणि का थांबली ते त्यांनाच शोधावं लागतं. मला या छोट्या होड्या मोठ्या सफरींइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. पैसा आणि कौतुक मात्र मोठ्या सफरीकडेच आधी जातं.

शिकणाऱ्यांचा चेहराही बदलला. १९७६च्या परतीच्या प्रवासात दोन स्त्रिया होत्या. २०१८मध्ये ‘हिकिआनालिआ’ ही भगिनी-होडी हवाईहून कॅलिफोर्नियाला गेली, तेव्हा कप्तान आणि दिशादर्शक दोन्ही लेहुआ कामालू होत्या. हिलोच्या इमिलोआ खगोल केंद्रात चॅड कालेपा बायबायन यांनी वर्षानुवर्षं शाळकरी मुलांना तारे शिकवले. २०२१मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं शिकवायला होती.

सातावालला काय परत गेलं

या प्रकरणात एक प्रश्न मला सतत टोचतो. हवाईला विद्या मिळाली, मान मिळाला. ज्या बेटाने ती दिली त्याचं काय? हवाईच्या लोकांनाही तो टोचत होता. १९९९मध्ये ‘माकालिई’ होडी माउंना समुद्रमार्गे त्यांच्या घरी घेऊन गेली. मग मोठ्या बेटावरच्या ना कालाई वआ या संस्थेने त्यांच्यासाठी ‘अलिंगानो माइसू’ ही जोडहोडी बांधायला घेतली. हे वचन देणारे क्ले बर्टेलमन २००४मध्ये वारले. त्यांच्या माणसांनी ती पूर्ण केली आणि २००७मध्ये सातावालला पोहोचवली.

१८ मार्च २००७ला तिथे माउंनी ‘प्वो’ दीक्षा दिली. त्या बेटावर असा विधी पन्नासहून अधिक वर्षांत झाला नव्हता. दीक्षा मिळालेल्यांत पाच हवाईयन होते : नाइनोआ थॉम्पसन, शॉर्टी बर्टेलमन, ब्रूस ब्लँकेनफेल्ड, चॅड कालेपा बायबायन आणि चॅड ओनोही पाइशोन. त्यांच्याबरोबर मायक्रोनेशियातलेही अनेक जण होते. मिळालेलं पुढे शिकवायचं, ही त्या दीक्षेतली जबाबदारी.

माउ जुलै २०१०मध्ये सातावालवरच वारले. ‘अलिंगानो माइसू’ची सूत्रं त्यांचा मुलगा सेसारिओ सेवरालुर यांच्याकडे आली. त्यांनी पलाऊच्या कम्युनिटी कॉलेजात पारंपरिक नौकानयनाचा वर्ग घेतला आणि त्याच होडीवर मायक्रोनेशियाच्या मुलांना समुद्रावर नेलं.